पाळीचं विचारलंत, आता साखरेचंही ऐका

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात हार्मोन्सबद्दल काय विचारायचं ते विचारा असं म्हटलं होतं आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंत पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आले, सगळे छापणं शक्य नाही म्हणून सारखे होते ते एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत. वाचताना एक गोष्ट मला सारखी दिसत होती. पाळीचं सगळ्याजणींनी लिहिलंय, वजनाचं लिहिलंय, केस गळतात, चेहऱ्यावर केस येतात, झोप नाही, चिडचिड होते हे सगळं लिहिलंय, पण शेवटची साखर कधी तपासली होती ते जवळजवळ कोणीच लिहिलेलं नाही. आणि आपण राहतो कुठे तर गोव्यात. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या इंडिअ‍ॅब नावाच्या मोठ्या सर्व्हेचे देशभराचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत जास्त. म्हणजे चार मोठ्या माणसांत एक. पाळी आणि साखर हे दोन वेगळे आजार, दोन वेगळे डॉक्टर, असं आपण धरून चालतो आणि तिथेच बायकांची वर्षं फुकट जातात. म्हणून यावेळी पत्र कशाचंही असो, मी साखरेवर येणार आहे, वाचणाऱ्यांनी कंटाळू नका.

प्रश्न: मी २२ वर्षांची आहे, डिचोलीची, पणजीला शिकते. पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते, कधी तीन महिने पण जातात. हनुवटीवर जाड केस येतात, पिंपल्स आहेत. सोनोग्राफीत पीसीओडी आलं. पण माझं वजन ५२ आणि उंची पाच फूट दोन इंच, सगळे म्हणतात हे जाड मुलींना होतं. एका ठिकाणी दाखवलं तर लग्न झालं की बघू म्हणाले. आई रडकुंडीला आलीये की मूल होणार की नाही. इन्स्टावर बघून सीड सायकलिंगचं पाकीट मागवलंय, घेऊ का?

बाय, पहिलं आईला सांग की रडू नका. पीसीओएस, म्हणजे तुझ्या कागदावर पीसीओडी लिहिलंय तेच, असलेल्या बहुतेक बायकांना मुलं होतात, कुणाला आपोआप, कुणाला बीज सुटायला गोळ्या घ्याव्या लागतात, लेट्रोझोल नावाची गोळी आज त्यासाठी पहिली दिली जाते. तो प्रश्न जेव्हा येईल तेव्हा त्याला उत्तर आहे. पण "लग्न झालं की बघू" हे मला अजिबात पटत नाही, कारण हा आजार फक्त मूल होण्या-न होण्याचा नाहीये, तो तुझ्या साखरेचा, कोलेस्टेरॉलचा, गर्भाशयाच्या अस्तराचा आणि मनाचा पण आहे आणि ह्यातलं काहीच लग्नाची वाट बघत बसत नाही.

आता निदान. सोनोग्राफीच्या एका कागदावर ते होत नाही. २००३ मध्ये रॉटरडॅमला तज्ज्ञांनी निकष ठरवले आणि अजूनही तेच थोड्या सुधारणा करून वापरतात, तीन गोष्टी बघायच्या आणि त्यातल्या दोन हव्यात: पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त असल्याची खूण म्हणजे तुझ्या हनुवटीवरचे केस किंवा रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, आणि सोनोग्राफीत बीजकोशाचं, म्हणजे ओव्हरीचं, ते विशिष्ट चित्र. तुझ्यात पहिल्या दोन दिसतायतच. फक्त त्याआधी थायरॉईड, प्रोलॅक्टिन म्हणजे दुधाचं हार्मोन आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात दोष यांच्यामुळे हे होत नाहीये ना हे रक्त तपासून बघायचं असतं, ते झालंय का बघ. आणि सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी म्हणजे अर्धवट वाढून थांबलेल्या बीजाच्या पिशव्या आहेत, त्या विरघळवायच्या नसतात की कापायच्या नसतात, "गाठी विरघळवणारं" औषध कोणी विकत असेल तर पैसे देऊ नकोस.

आतमध्ये काय चालतं ते सांगते कारण एकदा हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. जेवल्यावर साखर वाढते, इन्सुलिन येतं आणि स्नायूंना सांगतं की साखर आत घ्या. काही जणींच्या स्नायूंना हे नीट ऐकू येत नाही, म्हणून स्वादुपिंड आवाज चढवतं, म्हणजे जास्त इन्सुलिन सोडतं. घरात आजोबांना कमी ऐकू येतं म्हणून सगळे मोठ्याने बोलायला लागतात आणि ज्याचे कान चांगले आहेत त्याला त्याचा त्रास होतो ना, तसं इथे बीजकोशाचं होतं, त्याला इन्सुलिन अगदी व्यवस्थित ऐकू येतं. जास्त इन्सुलिन आलं की बीजकोश जास्त पुरुषी हार्मोन बनवतो, शिवाय हे हार्मोन पकडून ठेवणारं एक प्रोटीन लिव्हर बनवतं ते इन्सुलिनमुळे कमी होतं, म्हणजे मोकळं टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं. मग बीज पूर्ण वाढत नाही, सुटत नाही, पाळी लांबते, केस येतात. सगळ्याजणींत हेच एक कारण असतं असं नाही, पण खूप जणींत असतं.

आणि बारीक मुलीला हे होत नाही हा गैरसमज आपल्या देशात तर मुळीच चालणार नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या जर्नलमध्ये एक फोटो छापला, त्यात ते स्वतः आणि त्यांचे इंग्लंडचे मित्र डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, बरोब्बर २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखंच सांगत होता. आपल्या लोकांचं हेच आहे, हातपाय बारीक आणि चरबी पोटात आत बसलेली, स्नायू कमी. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ झाला की जास्त वजन धरतात, २५ ला लठ्ठपणा, आणि बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं. तुझा बीएमआय २१ च्या आसपास येतो, तरी टेप घेऊन बेंबीच्या पातळीवर कंबर मोज, आणि मान, काख काळवंडली आहे का बघ, कारण तो मळ नसतो, घासून जात नाही, इन्सुलिन जास्त असल्याची ती खूण असते. किती आयांनी मुलींच्या माना घासून घासून लाल केल्या आहेत.

तपासण्या काय करायच्या तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची साखर, नुसती उपाशीपोटीची नको, कारण पीसीओएसमध्ये उपाशी साखर कितीतरी वर्षं चांगली राहते आणि बिघाड दोन तासांच्या आकड्यात आधी दिसतो. १४० च्या आत चांगली, १४० ते १९९ म्हणजे उंबरठ्यावर, २०० च्या वर मधुमेह. त्याबरोबर लिपिड म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी आणि ब्लड प्रेशर.

उपचाराचं म्हणशील तर पाळी ९० दिवसांच्या वर लांबू द्यायची नाही, गर्भाशयाचं अस्तर आत वाढत राहतं आणि वर्षानुवर्षं असं झालं तर कॅन्सरचा धोका वाढतो. पाळीच्या गोळ्या किंवा प्रोजेस्टेरॉन त्यासाठीच देतात, त्या घेतल्या म्हणून पुढे मूल होत नाही हे खोटं आहे. मायग्रेनमध्ये डोळ्यांपुढे चमकत असेल किंवा घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर गोळ्या सुरू करण्याआधी सांग. मेटफॉर्मिन ही गोळी साखर आणि इन्सुलिनच्या बिघाडावर काम करते. केसांना लेझर चालतं, पण आत उपचार चालू असताना कर नाहीतर परत येतात. बिया खा, जवस तीळ चांगलेच आहेत, पण पाळीच्या अमुक दिवशी अमुक बी खाल्ली की हार्मोन सुधारतात याला काही पुरावा नाही, त्याच बिया बाजारातून सुट्या आणल्यास तर कितीतरी स्वस्त पडतील.

आणि एक, मन. पीसीओएसमध्ये उदासी आणि घाबरटपणा जास्त दिसतो, तो तुझा कमकुवतपणा नाहीये, तोही आजाराचाच भाग म्हणून डॉक्टरांना सांग.

प्रश्न: माझी मुलगी १५ वर्षांची, पाळी येऊन दोन वर्षं झाली, ४०-४२ दिवसांनी येते. पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली तर पीसीओएस लिहिलं. ती रात्री झोपत नाही, गूगल करत बसते. फोंड्याहून एक आई.

ताई, तो रिपोर्ट बाजूला ठेवा. पाळी सुरू झाल्यावर पहिली आठ वर्षं सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवायचं नाही असं आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातच आहे, कारण या वयात चांगल्या तब्येतीच्या मुलींचे बीजकोशही तसेच दिसतात. एएमएच ही रक्ताची टेस्ट पण या वयात त्यासाठी वापरायची नाही. पहिल्या तीन वर्षांत २१ ते ४५ दिवसांची पाळी चालते. तिला हे मोठ्याने वाचून दाखवा, आजच. एखादी पाळी ९० दिवसांपेक्षा लांबली, किंवा चेहऱ्यावर जाड केस, न जाणारे पिंपल्स, काळी मान असं काही असलं तर दाखवा. पोटात दुखून शाळा बुडत असेल तर तेही दाखवाच, त्याचा पीसीओएसशी संबंध नसतो आणि सहन करायची गरज पण नसते.

प्रश्न: पीसीओएस आणि बॉर्डरवर साखर. डाएटवाल्या मॅडमनी भात बंद, मासे फक्त उकडून, नारळ बंद असं सांगितलंय, ओट्स आणि क्विनोआ खा म्हणतात. घरात सगळे शीत-हुमण म्हणजे भात आणि माशाची आमटी खातात, मी एकटी वेगळं करून कंटाळले. भात सोडलाच पाहिजे का? म्हापसा.

नाही. जे एकटीला वेगळं शिजवून खावं लागतं ते दोन महिन्यांवर टिकत नाही हे मी इतक्या जणींत बघितलंय की आता कोणाला सांगतच नाही. भात किती आणि त्याच्यासोबत काय, हे बदलायचं. आपलं ताट कसं असतं, भाताचा डोंगर, त्यावर हुमण आणि कडेला माशाची एक तुकडी, भाजी असली तर चमचाभर. ते उलटं करा. आधी भाजी आणि मासे खायला सुरुवात करा, भात शेवटी आणि एक वाटी. प्रोटीन आणि भाजी आधी पोटात गेली की नंतरच्या भाताची साखर हळू चढते, हे स्वतःच्या ग्लुकोमीटरवर बघा, दोन दिवस दोन्ही प्रकारे जेवून दोन तासांनी बोट टोचा, माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. उकडे तांदूळ पॉलिशच्या पांढऱ्या तांदळापेक्षा बरे, कोंडा शिल्लक असतो, पण उकडे आहेत म्हणून तीन वाट्या हे चालणार नाही. सकाळची पेज नुसती लोणच्यासोबत घेतली तर ती फक्त पिष्ट आहे आणि तासाभराने भूक लागते, तिच्यासोबत मूग किंवा अंडं घ्या.

मासे उकडूनच का? बांगडे, तारले यांच्यासारखं स्वस्त आणि उत्तम प्रोटीन, ओमेगा-३ आणि ड जीवनसत्त्व दुसरं शोधून सापडणार नाही, हुमणात खा, तव्यावर कमी तेलात भाजून खा. रवा लावून रोज तळणं तेवढं कमी करा. नारळ मुळीच बंद नको, पण एका घरात दिवसाला अख्खा नारळ वाटला जातो तिथे अर्ध्यावर या. सोमवारी, श्रावणात शिवराक म्हणजे शाकाहारी जेवण असतं तेव्हा प्रोटीन एकदम गायब होतं, बटाटा आणि भात राहतो, तेव्हा मुगागाठी, अळसांद्यांचं तोंडाक, चणे, ताक हे जोरात आलं पाहिजे. चहासोबतचे पाव, खारी, बिस्किटं मात्र मैदाच आहे, तिथे माझी दयामाया नाही. पोदेराकडून म्हणजे पाववाल्याकडून घ्यायचंच तर कोंड्याची पोयी घ्या आणि एक घ्या.

मग चालणं. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं, रात्रीच्या जेवणानंतर तर नक्की, पाऊस असेल तर घरातल्या घरात. साखर आत घेणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू, ते हलले की इन्सुलिन कमी असतानाही साखर आत जाते. आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम, खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून पुश-अप, पाण्याच्या बाटल्या उचलणं. जिमच लागते असं काही नाही. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी रुळावर येते, ७० किलोवाल्या बाईने साडेतीन किलो, एवढंच.

प्रश्न: मी ३८ वर्षांची, शाळेत शिक्षिका आहे, पेडणे. थायरॉईडची गोळी चार वर्षं घेतेय तरी रक्तातला थायरॉईडचा आकडा, टीएसएच, कधी ३ कधी ९. सकाळी घाईत चहासोबत घेते, मग लोहाची गोळी, मग बस. वजन ७४ वर अडकलंय, डोस वाढवून घेतला तर उतरेल का? कोबी, फ्लॉवर मी बंद केलेत.

बाई, तुमचा टीएसएच गोळीमुळे नाही, चहा आणि लोहामुळे नाचतोय असं मला वाटतं. ही गोळी फार नखऱ्याची आहे, उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-कॉफी काही नाही. लोह, कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीची पातळ औषधं यांच्यात चार तासांचं अंतर हवं, म्हणजे लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर शाळेत घ्या. सकाळची घाई चुकत नसेल तर रात्री झोपताना घ्या, जेवून तीन तास झालेले असले की चालतं, पण मग रोज रात्रीच. पावसात आपल्याकडे सगळ्याला दमट लागतं, ओट्यावर गॅसजवळ उघडी बाटली ठेवू नका, झाकण घट्ट आणि कोरडी जागा. असं सहा ते आठ आठवडे करा आणि मग टीएसएच बघा, त्याआधी बघून उपयोग नाही, शरीराला तेवढा वेळ लागतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, रिपोर्ट चुकीचा येतो.

वजन उतरवायला डोस वाढवणं मात्र करू नका, कोणी करून देत असेल तरी नको. हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. थायरॉईड कमी असल्याने वाढलेलं वजन साधारण थोड्या किलोंचं असतं आणि त्यातही बरंचसं पाणी, बाकीचं ७४ थायरॉईडच्या माथी मारून चालणार नाही. मग कशाच्या, तर हेच, कंबर मोजा आणि साखर तपासा. थायरॉईड कमी असला की कोलेस्टेरॉल वाढतं आणि पाळीत रक्त जास्त जातं, त्यामुळे लोह कमी होतं, तुम्हाला लोहाची गोळी कशासाठी चालू आहे ते डॉक्टरांना विचारा. अशा वेळी एक लक्षात ठेवा, रक्त कमी असताना एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, आकडा फसवू शकतो, लोहाच्या कमतरतेत तो उगाच जास्त दिसतो, म्हणून साखर ग्लुकोज पिऊन तपासलेली बरी.

कोबी-फ्लॉवर शिजवून खुशाल खा, मीठ आयोडीनचं वापरा. आणि आणखी मूल हवं असेल तर गोळीचं आधी डॉक्टरांशी बोला, दिवस गेल्यावर डोस वाढवावा लागतो आणि तो लगेच, पहिल्या सोनोग्राफीपर्यंत थांबायचं नाही.

प्रश्न: साडेसहा हजारांत "संपूर्ण हार्मोन पॅकेज", घरी येऊन रक्त नेतात. करू का? मला त्रास असा काही नाही, थकवा येतो. वय ३४, पर्वरी.

करू नका. हार्मोन्स पाळीच्या दिवसाप्रमाणे, दिवसातल्या वेळेप्रमाणे, झोपेप्रमाणे वरखाली होत असतात, पंचवीस आकडे एकदम काढले की एक-दोन लाल रंगात येणारच आणि मग त्या लाल आकड्याच्या मागे आणखी पाच टेस्ट आणि एक पावडर. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, टीएसएच, साखर, बी-१२ एवढं पुरे, आणि त्याआधी स्वतःला विचारा की झोप किती होते. तुमचं वय ३० च्या वर आहे म्हणजे साखर आणि बीपीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात राष्ट्रीय कार्यक्रमाखाली होते, तिथेच स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी पण विचारून घ्या. पॅकेजमध्ये ती नसते आणि तुम्हाला जास्त गरज त्याची आहे.

प्रश्न: बाळंतपणात साखर वाढली होती, इन्सुलिन घेतलं. बाळ झाल्यावर हॉस्पिटलात साखर नॉर्मल आली म्हणून सगळं बंद केलं. आता मुलगा दोन वर्षांचा, मी ३१. मधे तपासलं नाही. पाळी थोडी पुढे-मागे होते, बाकी बरी आहे. कुडचडे.

आलेल्या सगळ्या पत्रांत तुमचं पत्र मला सगळ्यात काळजीचं वाटलं, आणि तुम्ही ते सगळ्यात सहज लिहिलंय. गरोदरपणात साखर वाढलेली बाई पुढे मधुमेहाकडे जाण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. वार, म्हणजे प्लॅसेंटा, आत असताना तिच्यातली हार्मोन्स इन्सुलिनच्या विरुद्ध काम करतात, ती बाहेर पडली की साखर उतरते, म्हणून हॉस्पिटलातला तो नॉर्मल आकडा खरा असतो पण त्याच्यावर पुढची दोन वर्षं काढायची नसतात. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन तपासणी करायची असते, ती राहिली, हरकत नाही, आता करा, या आठवड्यात. चांगली आली तरी दर वर्षी. दुसरं मूल ठरवत असाल तर आधी साखर बघा, कारण बाळाचं हृदय आणि मणका पहिल्या काही आठवड्यांतच तयार होतो, तुम्हाला दिवस गेल्याचं नीट कळायच्या आत. आणि सासूबाईंना, आईला हे वाचायला द्या, म्हणजे तुम्ही उठून तपासायला गेलात की "आता कशाला" म्हणून कोणी थांबवणार नाही.

प्रश्न: मी ४७ वर्षांची, साखळी. वर्षभर पाळीचा भरवसा नाही, कधी दोन महिने नाही, कधी आली की दहा दिवस आणि गुठळ्या. रात्री घामाने भिजून उठते. खाणं तेच असून पोट सुटलंय, कोलेस्टेरॉल पहिल्यांदाच जास्त आलं. मिस्टर म्हणतात वय झालं, सगळ्यांना होतं. बहीण म्हणते हार्मोनच्या गोळ्या घेतल्या की कॅन्सर होतो.

होतं सगळ्यांना, पण म्हणून सोसायचं असतं असं नाही, मिस्टरांना हे पान दाखवा.

सगळ्यात आधी रक्तस्राव. दहा दिवस आणि गुठळ्या याला "वयाचं आहे" म्हणून सोडायचं नाही. पंचेचाळीशीनंतर असं झालं की हिमोग्लोबिन, सोनोग्राफी आणि बहुतेक वेळा गर्भाशयाच्या अस्तराचा छोटा तुकडा तपासतात, विशेषतः वजन किंवा साखर जास्त असेल तर, कारण अस्तराच्या कॅन्सरचा धोका या दोन्हींनी वाढतो. लगेच पिशवी काढायला सांगितलं तर दुसरं मत घ्या, गोळ्या आहेत, हार्मोनची कॉपर-टीसारखी आत बसवायची वस्तू आहे, पुष्कळ जणींचं त्यावर भागतं.

आता पोट आणि कोलेस्टेरॉल. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांपेक्षा चारेक वर्षं लवकर. इस्ट्रोजन उतरायला लागलं की चरबी मांड्यांवरून पोटात सरकते, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, स्नायू कमी होतात आणि साखर आत घेण्याची ताकद पण कमी होते, त्यात रात्रीची झोप मोडली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त. तुम्ही खाण्यात काही चुकलेलं नाही, शरीर बदललंय आणि जुनंच ताट आता जास्त होतंय. भाताचं वर म्हापशाच्या वाचकाला लिहिलंय ते तुम्हालाही लागू, तुम्ही त्यात ताकदीचा व्यायाम पहिल्या नंबरवर घ्या, हाडांसाठी पण तोच. साखर, लिपिड, बीपी, टीएसएच एकदा करून घ्या, थायरॉईडचा त्रास अगदी याच रूपात येतो. एफएसएच वगैरे हार्मोनच्या टेस्ट या वयात करायची गरज नाही, निदान तुमच्या सांगण्यावरूनच होतं.

गोळ्यांबद्दल बहीण म्हणते ती भीती २००२ पासूनची आहे. अमेरिकेतला विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास तेव्हा मधेच थांबवला, दोन हार्मोनच्या गोळी घेणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरच्या वर्षाला दहा हजारांमागे साधारण आठ केसेस जास्त निघाल्या. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेल्या. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, घामाचा, झोपेचा त्रास खरंच आहे, आणि स्तनाचा कॅन्सर, गुठळी, हार्ट अटॅक, स्ट्रोक, लिव्हरचा आजार यातलं काही झालेलं नाही, तर फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो हे आज बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात. पिशवी असेल तर इस्ट्रोजनसोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागतं, अस्तराच्या रक्षणासाठी. त्वचेवर लावायचं जेल किंवा पट्टी घेतली तर गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी. नको असेल तर हार्मोन नसलेली औषधंही आहेत. पण हे सगळं रक्तस्रावाचं कारण कळल्यावर, त्याआधी कोणी लिहून दिलं तर थांबा.

अजून पाळी पूर्ण गेलेली नाही, बारा महिने सलग आली नाही की गेली म्हणायचं, तोपर्यंत दिवस जाऊ शकतात, हे मिस्टरांना पण सांगा. आणि ती एकदा गेली, वर्ष उलटलं, आणि मग एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. डॉक्टरकडे जाताना मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा आणि किती दिवस रक्त गेलं ते कॅलेंडरवर खुणा करून घेऊन जा, तिथे आठवत बसलं की अर्ध्या गोष्टी राहून जातात.